येवल्याचे तात्या टोपे : एक माणूस, एक युद्ध आणि अनेक बाजू

आठवीच्या इतिहासात १८५७ च्या लढ्याचा धडा येतो. आम्ही येवल्यात शिकवतो, त्यामुळे या धड्याला आमच्याकडे जरा जास्तच रंग चढतो. त्यातले एक ठळक नाव आपल्याच गावचे आहे ना! तात्या टोपे येवल्याचे, एवढे सांगितले की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ताठ बसतात. पण मागे एका वर्षी तास संपल्यावर एक मुलगा जवळ आला आणि त्याने हळूच विचारले, की या लढाईत आपले लोक कुणाकडून होते? त्याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. मुसलमान तेव्हा इंग्रजांना मिळाले होते, असे त्यात ठासून सांगितले होते. त्याच्या शेजारच्या मुलाने नेमका उलटा व्हिडिओ पाहिला होता. सगळी कुर्बानी एकट्या आपल्या कौमने दिली, बाकीचे बघत बसले, असे त्यात होते. दोघांनाही आमच्याकडून एक यादी हवी होती. कोण वफादार, कोण गद्दार.

आम्ही यादी दिली नाही. तात्यांची हकीकत सांगितली. तीच इथे मांडतो, कारण हा प्रश्न फक्त त्या दोन पोरांचा नाही.

येवल्यातून बिठूरला

तात्यांचे खरे नाव रामचंद्र पांडुरंग येवलेकर. जन्म १८१४ चा. तेव्हा येवला पेशव्यांच्या मुलखात होते. वडील पांडुरंगराव वेदशास्त्र जाणणारे, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते. १८१८ साली इंग्रजांनी पेशवाई बुडवली. बाजीरावांना वर्षाला आठ लाख रुपये तनखा ठरवून दिला आणि पुण्यापासून लांब, कानपूरजवळ गंगेकाठी बिठूरला नेऊन ठेवले. त्यांच्यासोबत त्यांची माणसे गेली. त्यात येवलेकरांचे कुटुंबही होते. तात्या तेव्हा चार वर्षांचे.

म्हणजे आपल्या गावचा हा मुलगा वाढला तो गंगेकाठी. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब आणि तात्या यांची साथ तिथलीच. टोपे हे नाव कसे पडले याच्या दोन कथा आहेत. कुणी म्हणतात बाजीरावांनी मानाची टोपी दिली म्हणून, कुणी म्हणतात तोफखान्यावरून.

१८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनी सरकारने तनखा बंद केला. दत्तक मुलाचा हक्क मानला नाही. नानासाहेबांनी दाद मागण्यासाठी ज्याला लंडनला पाठवले तो माणूस होता अजीमुल्ला खान. गरिबीतून वर आलेला, इंग्रजी आणि फ्रेंच जाणणारा. लंडनमध्ये काम झाले नाही. परतताना त्याने क्रिमियाच्या युद्धात इंग्रजांची झालेली दमछाक पाहिली आणि इंग्रज हरू शकतो ही खात्री घेऊन तो बिठूरला आला. पेशव्यांच्या वारसाचा वकील मुसलमान, ही गोष्ट त्या काळी कुणाला अजब वाटली नाही. आज आपल्याला ती मुद्दाम सांगावी लागते.

एकच लढाई, कारणे वेगवेगळी

१० मे १८५७ ला मेरठच्या शिपायांनी बंड केले. इथे मुलांना आम्ही थांबवतो आणि विचारतो, की हे सगळे एकाच कारणासाठी लढत होते का? नाही.

शिपायाला काडतुसाचा राग होता. गाईची आणि डुकराची चरबी म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांच्या दीन-धर्माला हात. शिवाय पगार, बढती आणि समुद्रापार पाठवण्याची सक्ती होतीच. अवधच्या लोकांना १८५६ मध्ये त्यांचे राज्य गिळल्याचा राग होता. नानासाहेबांना तनखा आणि गादी हवी होती. झाशीच्या राणीला दत्तक मुलाचा हक्क हवा होता. शेतकऱ्याच्या डोक्यावर सारा होता. विणकरांच्या मागावर विलायती कापडाने धाड घातली होती. दिल्लीत म्हाताऱ्या बहादूरशाह जफर यांच्या नावाने सगळे एकत्र आले खरे, पण प्रत्येकाच्या मनातले उद्याचे राज्य वेगळे होते.

आणि तात्यांचे कारण? ते आम्हाला सर्वांत साधे वाटते. ज्या घराचे मीठ खाल्ले, त्या घरासाठी ते उभे राहिले.

कानपूर : जिथे सगळ्यांनाच मान खाली घालावी लागते

जूनमध्ये कानपूरच्या शिपायांनी उठाव केला आणि नानासाहेब त्यांचे पुढारी झाले. जनरल व्हीलर बायका-मुले धरून नऊशे-हजार माणसांसह मातीच्या तटाआड कोंडला गेला. तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर अलाहाबादला सुखरूप जाऊ देण्याच्या वचनावर इंग्रजांनी हत्यार ठेवले. २७ जूनला सतीचौरा घाटावर ते होड्यांत बसत असताना गोळीबार झाला आणि बहुतेक पुरुष मारले गेले. वाचलेल्या बायका-मुलांना नंतर बीबीघर नावाच्या घरात ठेवले. १५ जुलैला इंग्रज फौज जवळ आल्याचे कळल्यावर तिथल्या सुमारे २०० जणांची कत्तल झाली. शिपायांनी बायका-मुलांवर गोळ्या झाडायला नकार दिला, तेव्हा दुसऱ्या माणसांकडून ते काम करवून घेतले गेले.

घाटावर तात्या हजर होते. काही साक्षीदारांनी नंतर सांगितले की इशारा त्यांनीच दिला. तात्यांनी आपल्या जबानीत सांगितले की त्यांनी होड्यांची व्यवस्था केली होती आणि गोळीबार शिपायांनी स्वतःहून केला. साक्षी इंग्रजांच्या राज्यात घेतलेल्या आणि जबानी कैदेत दिलेली. इतिहासकारांचे यावर आजही एकमत नाही.

पण एक गोष्ट वादाची नाही. निःशस्त्र बायका आणि लेकरे मारली गेली, आणि ती आपल्या बाजूच्या माणसांनी मारली. युद्धातही बायका-मुलांवर हात उचलू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग वर्गात हा भाग गाळून पुढे कसे जायचे? आम्ही गाळत नाही.

आणि याच्या आगेमागे जे घडले तेही गाळत नाही. कानपूरचा घाट घडण्याआधीच, जूनमध्येच, कर्नल नील अलाहाबादच्या परिसरात गावेच्या गावे जाळत आणि दिसेल त्याला झाडाला लटकवत होता. दोषी-निर्दोषी असा निवाडा करायला कुणाला वेळ नव्हता. बीबीघरनंतर त्याच नीलने कैद्यांना तिथले रक्त चाटून साफ करायला लावले आणि मग फाशी दिले. इंग्लंडमध्ये बीबीघरची बातमी पोचली तेव्हा तिथल्या माणसाला आपल्या लेकीबाळी दिसल्या. अलाहाबादच्या खेड्यातल्या माणसाला आपल्या दारातला लिंब दिसत होता. दोघांचे दुःख खरे होते. मात्र एकाचे दुःख छापले गेले, दुसऱ्याचे बहुतेक विसरले गेले.

पेशव्यांच्या घरचा माणूस सेनापती होतो

तात्या पेशाने शिपाई नव्हते. बिठूरच्या वाड्यात वाढलेला हा माणूस चाळिशी उलटल्यावर सेनापती झाला. नोव्हेंबर १८५७ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या बंडखोर पलटणी हाताशी घेऊन त्यांनी कानपुरात जनरल विंडहॅमला मागे रेटले. हा साधा विजय नव्हता. पण ६ डिसेंबरला कॉलिन कॅम्पबेलने त्यांचा पराभव केला.

१८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोजने झाशीला वेढा घातला. राणीच्या मदतीला तात्या वीसेक हजारांची फौज घेऊन निघाले. १ एप्रिलला बेतवा नदीजवळ रोजने वेढा न उठवता, दीड हजाराच्या आसपास माणसे घेऊन त्यांना हरवले. आता त्या दीड हजारात कोण होते ते पाहा. निम्म्याहून जास्त हिंदी शिपाई. रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, म्हणजे आपल्या मराठी मुलखात भरती झालेली माणसेही. हैदराबाद कंटिन्जंटचे स्वार होते, त्यांत दख्खनी मुसलमान होते. आणि झाशीच्या तटावर त्यांच्याविरुद्ध तोफ चालवत होता राणीचा गोलंदाज गुलाम गौस खान.

मुलांनी हे ऐकले की गोंधळ होतो. व्हायलाच हवा.

काल्पीत तात्यांच्या बाजूला बांद्याचे नवाब अली बहादूर होते. हे नवाब म्हणजे थोरल्या बाजीरावांचे आणि मस्तानीचे वंशज. पेशव्यांच्याच रक्ताची मुसलमान शाखा पेशव्यांसाठी लढायला उभी होती. काल्पी पडली, तेव्हा तात्या, राणी, रावसाहेब आणि नवाब यांनी थेट ग्वाल्हेर गाठले. तात्यांनी आधीच आत जाऊन शिंद्यांची फौज वळवून ठेवली होती. १ जून १८५८ ला जयाजीराव शिंदे लढायला बाहेर पडले, पण त्यांचीच फौज समोरच्यांना मिळाली आणि महाराज आग्र्याला पळाले. मराठी राजा इंग्रजांकडे आणि त्याचे सैन्य पेशव्यांकडे! शिंद्यांना आपले राज्य वाचवायचे होते, ते त्यांनी वाचवले. ग्वाल्हेरात मात्र पेशवाईचा दरबार आणि मेजवान्या यांत मोलाचे दिवस गेले. जूनच्या मध्यावर राणी धारातीर्थी पडली आणि २० जूनला ग्वाल्हेर गेले.

दहा महिन्यांचा पाठलाग

इथून पुढचे तात्या आम्हाला सर्वांत मोठे वाटतात. तोफा गेल्या, किल्ले गेले, तरी जून १८५८ ते एप्रिल १८५९ हा माणूस राजस्थान, माळवा आणि बुंदेलखंडात हजारो मैल फिरत राहिला. एकामागून एक इंग्रज तुकड्या मागावर होत्या. हरायचे, पांगायचे, पुन्हा जमायचे. गनिमी कावा म्हणतात तो हाच.

टोंकला पोचले तेव्हा तिथले नवाब इंग्रजांच्या बाजूने. त्यांनी किल्ल्याचे दार लावून घेतले. पण बाहेर पाठवलेली त्यांची फौज तोफांसकट तात्यांना मिळाली. नवाब एकीकडे, शिपाई दुसरीकडे. ग्वाल्हेरात घडले तेच इथे घडले. भोपाळच्या सिकंदर बेगम पक्क्या इंग्रजांकडे होत्या. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनीही निजामाचे राज्य इंग्रजांच्या बाजूला ठेवले. उलट मक्केहून हज करून परतलेला मुघल शहजादा फिरोजशाह जानेवारी १८५९ मध्ये, सगळे संपत आलेले असताना, तात्यांना येऊन मिळाला. हरणाऱ्या बाजूला येणारा माणूस फायद्यासाठी येत नाही.

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्यांनी नर्मदा ओलांडली. पेशव्यांचा झेंडा दख्खनकडे वळला म्हणून मुंबई आणि मद्रासच्या सरकारांची झोप उडाली. तात्या मुलताईपर्यंत आले. पुढे नागपूरचा मुलूख, त्यापुढे महाराष्ट्र. येवल्याचा माणूस चाळीस वर्षांनी आपल्या मातीकडे येत होता. पण इकडची गावे उठली नाहीत आणि त्यांना मागे वळावे लागले.

का उठली नाहीत? इंग्रजांच्या फौजा आडव्या होत्या, हे एक कारण. पण आणखी एक बाजू आहे, आणि ती महात्मा जोतिराव फुल्यांनी पुढे स्पष्ट मांडली. पेशवाई परत येणे म्हणजे शूद्र-अतिशूद्रांच्या गळ्यात जुनेच जोखड, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजीरावांचे राज्य ज्यांनी खालून पाहिले, त्यांनी त्या झेंड्यामागे का धावावे? येवल्यात तर हा प्रश्न टाळताच येत नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा याच गावात केली. तात्यांचे येवला आणि मुक्तिभूमीचे येवला, दोन्ही आपलीच.

आपला मुलूख अगदी गप्प होता असेही नाही. सिन्नरकडे नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकांच्या भिल्लांनी १८५७ मध्येच इंग्रजांशी झुंज दिली. खानदेशात खाज्या नाईक लढत होते. येवल्याहून जो रस्ता औरंगाबादला जातो, तिथे जून १८५७ मध्ये कंटिन्जंटच्या स्वारांनी बंड केले. आपल्याला दिल्लीच्या बादशाहावर चालून नेतील, अशी त्यांना भीती होती. जनरल वुडबर्नने ते मोडले आणि कितीजणांना फाशी दिली, तोफेच्या तोंडी दिले. त्यांतले मीर फिदा अली यांचे नाव आज फार थोड्यांना माहीत आहे. आणि याच कंटिन्जंटचे दुसरे स्वार पुढच्या वर्षी तात्यांच्या विरुद्ध लढले. कौम तीच, फौज तीच, कधीकधी गावही तेच.

फितुरी, खटला आणि फाशी

जानेवारी १८५९ मध्ये सीकरजवळ शेवटचा पराभव झाला आणि फौज पांगली. तात्या पाडोणच्या जंगलात मानसिंगाच्या आश्रयाला गेले. मानसिंग नरवरच्या घराण्यातला. त्याची जहागीर शिंद्यांनी घेतलेली, म्हणून तो बंडात आलेला. इंग्रजांनी त्याला अभय आणि जहागिरीची आशा दाखवली. ७ एप्रिलच्या रात्री झोपेत असलेले तात्या त्याच्या मदतीने पकडले गेले. मानसिंगाला आम्ही माफ करत नाही, पण त्याचा हिशेब समजतो. त्याचे भांडण शिंद्यांशी होते. इंग्रजांशी लढाई त्याच्यासाठी त्या भांडणाचे साधन होती, आणि काम होत असेल तर साधन बदलायला तो तयार होता.

शिवपुरीला १५ एप्रिलला लष्करी न्यायालयापुढे खटला झाला. आरोप होता इंग्रज सरकारविरुद्ध बंड आणि युद्ध केल्याचा. तात्यांनी सांगितले की त्यांनी जे केले ते आपल्या मालकाच्या, नानासाहेबांच्या हुकमाने केले, आणि रणाबाहेर कुणा इंग्रज पुरुषाला, बाईला वा मुलाला मारले नाही. १८ एप्रिल १८५९ ला त्यांना फाशी दिली. आपल्या कुटुंबाला त्रास देऊ नये, एवढीच विनंती त्यांनी केली असे सांगतात.

पुढे कर्नल मॅलेसन या इंग्रज इतिहासकारानेच या शिक्षेवर शंका घेतली. त्याचा मुद्दा असा, की हा माणूस जन्मला तेव्हा त्याचा मालक पेशवा पश्चिम हिंदुस्थानच्या मोठ्या भागावर राज्य करत होता. त्याने इंग्रजांची चाकरी केली नाही, त्यांच्याशी इमानाची शपथ घेतली नाही. मग तो बंडखोर कसा? थोडक्यात, येवला ज्याच्या राज्यात होते त्याच्याशीच तात्या इमान राखून होते. शत्रूच्या बाजूचा माणूसही न्यायाने बोलू शकतो, हे मुलांनी इथे शिकावे.

मग आपले लोक कुणाकडून?

युद्ध संपल्यावर मार सगळ्यांनी खाल्ला, पण दिल्ली आणि अवधच्या मुसलमानांवर संशयाची नजर जास्त पडली. दिल्ली उर्दू अखबारचे संपादक मौलवी मुहम्मद बाकर यांना मारले गेले. बहादूरशाह रंगूनला कैदेत वारले. सर सय्यद अहमद खान यांनी बिजनौरमध्ये इंग्रज कुटुंबांचे जीव वाचवले, आणि त्याच लढाईतल्या हालअपेष्टांनी त्यांची आई थोड्याच दिवसांत गेली. तरी त्यांनी पुढे लेखणी घेऊन सरकारलाच सुनावले, की बंडाला तुमचा कारभार कारण आहे. त्यांना कुठल्या यादीत घालणार?

अवध आणि पूर्वांचलातले कितीतरी मोमीन विणकर त्या धामधुमीनंतर घरदार सोडून दक्षिणेकडे चालत आले आणि बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडीत मागावर बसले. त्यांच्या नातवंड-पणतवंडांत आपले आप्त, शेजारी, विद्यार्थी आहेत. तात्या येवल्यातून उत्तरेला गेले आणि त्यांच्या लढाईने उत्तरेची माणसे आपल्या शेजारी आणून वसवली. म्हणून ही लढाई परक्यांची नाही, आणि एकट्या कुणाचीही नाही.

त्या दोन मुलांना आम्ही शेवटी एवढेच सांगितले. आपले लोक दोन्हीकडे होते. त्यांचेही दोन्हीकडे होते. माणसांनी बाजू निवडली ती कधी दीनासाठी, कधी पगारासाठी, कधी मालकाच्या इमानासाठी, कधी जिवाच्या भीतीने. दीडशे वर्षांपूर्वीच्या यादीवरून आजच्या शेजाऱ्याची वफादारी तपासायची, हा इतिहासाचा धंदा नाही. तात्यांचा मोठेपणा यामुळे कमी होत नाही. आणि बीबीघर सांगितल्याने त्यांची फाशी स्वस्त होत नाही.

दोघांनी मान डोलावली. किती पटले ते अल्लाहला ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने येऊन विचारले, की मीर फिदा अलींचे घर कुठे होते? व्हिडिओतून सुटून प्रश्न माणसापर्यंत आला होता. आमच्यासाठी तो तास तिथेच वसूल झाला.